आवडला, पण…: 'वंडर वुमन' आणि एका चाहतीच्या संमिश्र भावना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, पत्रिकेत काही घोटाळा झालाय का? तुमच्या नावाखाली 'वंडर वुमन' छापलंय." त्याचं काही चुकलं नाही. पस्तीस वर्षं मी कान्ट आणि नीतिशास्त्र शिकवलं. वर्गात सिनेमाचं नाव काढलं असेल तर ते बहुधा सत्यजित राय यांच्या सिनेमाचं. त्याला म्हटलं, "घोटाळा नाही रे. मी त्या बाईची साठ वर्षांची चाहती आहे, आणि तिच्यावरचा सिनेमा मला आवडला की नाही हे अजून एका वाक्यात सांगता येत नाही. त्याबद्दलच बोलणार आहे."

तर २०१७ च्या जून महिन्यात 'वंडर वुमन' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक पॅटी जेन्किन्स, नायिका गॅल गडोट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, आणि शेवटही सांगणार आहे, कारण माझी मुख्य तक्रार शेवटाशीच आहे.

थेमिस्कीरा नावाच्या, जगापासून लपलेल्या बेटावर अ‍ॅमेझॉन योद्ध्या स्त्रिया राहतात. त्यांची राणी हिपॉलिटा, तिची मुलगी डायना. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा अमेरिकन हेर विमानासकट त्या समुद्रात कोसळतो. बाहेर केवढं युद्ध चाललंय हे डायनाला कळतं. तिची पक्की समजूत अशी, की युद्धदेव एरीस माणसांना बिघडवतोय. त्याला मारलं की युद्ध संपेल. ती स्टीव्हबरोबर लंडनला जाते आणि तिथून बेल्जियमच्या आघाडीवर. एवढं पुरे, बाकीचं ओघात येईल.

चाहती कशी झाले

माझे मामा मुंबईला नोकरीला होते. येताना फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी मासिकं आणायचे, 'मुलांचं इंग्रजी सुधारेल' म्हणून. त्यात एकदा दोन-तीन कॉमिक्स आली. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. अर्धं इंग्रजी कळत नव्हतं, पण चित्रं कळत होती. हातातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलणारी बाई! मला आजूबाजूच्या बायकांच्या हातात बांगड्या दिसायच्या, त्या वाढवायच्या कशा नाहीत याचीच काळजी जास्त. आणि इथे ही बाई मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या परतवतेय. बस्स. चाहती झाले.

तिचा इतिहास मी पुढे वाचला. तो मजेशीर आहे आणि आजच्या विषयाला धरून आहे. १९४१ मध्ये विल्यम मौल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने हे पात्र निर्माण केलं, चित्रं एच. जी. पीटर यांची. मार्स्टन हार्वर्डचे डॉक्टरेट. रक्तदाबावरून माणूस खोटं बोलतोय का हे ओळखायची चाचणी त्यांनी बसवली होती. आजच्या लाय डिटेक्टरच्या वंशावळीत ती येते. १९२३ च्या एका खटल्यात न्यायालयाने ती पुरावा म्हणून नाकारली. न्यायालयात चाललं नाही ते गृहस्थांनी कॉमिकमध्ये चालवलं: वंडर वुमनच्या हातातला सोनेरी पाश. सुरुवातीला या पाशात सापडलेल्याला तिची आज्ञा पाळावी लागे. पुढे तो सत्य बोलायला लावणारा पाश म्हणून प्रसिद्ध झाला. हा पाश लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मार्स्टन स्त्रियांच्या सत्तेचे पुरस्कर्ते. त्यांच्या घरात पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न अशा दोघी होत्या. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची भाची. तिच्या हातातल्या कड्यांवरून वंडर वुमनची कडी सुचली असं सांगतात. पण याच मार्स्टनच्या कॉमिक्समध्ये नायिका दर दोन पानांआड दोरखंडांनी, साखळ्यांनी बांधलेली दिसते. पुरुषाने तिच्या कड्यांना साखळी जोडली की तिची शक्ती जाते. आणि १९४२ मध्ये तिला 'जस्टिस सोसायटी' या वीरांच्या मंडळात घेतलं, ते कशासाठी? चिटणीस म्हणून! बाकीचे वीर लढायला जाणार, ही इतिवृत्त लिहिणार. (हशा) हसू नका. मी नोकरी केली त्या एका महाविद्यालयात समितीवर मी एकटीच बाई असायचे, आणि सभा सुरू झाली की वही आपोआप माझ्यापुढे यायची.

मुद्दा असा, की संमिश्र भावना २०१७ च्या सिनेमाने निर्माण केल्या नाहीत. या पात्राच्या जन्मातच त्या आहेत. मुक्त करणारी आणि बांधलेली, अशी ती पहिल्या दिवसापासून आहे. १९६८ मध्ये तर लेखकांनी तिची शक्तीच काढून घेतली आणि तिला कपड्यांचं बुटिक चालवायला लावलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीवादी 'मिस' मासिकाने तिला नियमित प्रकाशनाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जुन्या रूपात झळकवलं, आणि पुढच्या वर्षी कॉमिकमध्ये तिची शक्ती परत आली. म्हणजे चाहत्या बायका भांडल्या. हेही लक्षात ठेवा. चाहता असणं म्हणजे टाळ्या वाजवणं एवढंच नव्हे.

भावसंधी

आता जरा माझ्या विषयाकडे येते. 'संमिश्र भावना' हा शब्द आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली, मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणजे माहिती कमी आहे किंवा विचार झालेला नाही. दुसरी, मला फारसं काही वाटलंच नाही. 'ठीक होता', 'बरा होता', कोमट पाण्यासारखं. आणि तिसरी, मला दोन गोष्टी वाटल्या, दोन्ही पूर्ण ताकदीने, आणि एकीने दुसरी कमी होत नाही.

आपल्या संस्कृत साहित्यशास्त्राने याचा बारकाईने विचार केलाय. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त भावसंधी आणि भावशबलता असे दोन शब्द येतात. एकामागून एक भाव येतात, एकमेकांना ढकलत राहतात, ती शबलता. दोन भाव तुल्यबळ होऊन एकाच ठिकाणी भेटतात, तो संधी. सुख आणि दुःख यांचं असं मिश्रण प्लेटोच्या 'फिलीबस' संवादातही चर्चेला येतं. नाटक बघताना माणसं आनंदही घेतात आणि रडतातही, हे तो नोंदवतो. म्हणजे गोंधळ ही काही माझी खासगी अडचण नाही.

पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबायचं नसतं. दोन भाव असतील तर प्रत्येक भावाला विचारायचं, बाबा, तू कशाबद्दल आहेस? तुझं कारण काय? नाहीतर 'संमिश्र' हा शब्द लपायला फार सोयीचा आहे. तर माझ्या दोन भावांना वेगवेगळं उभं करते.

शिडीवरचं पाऊल

पहिला भाव. सिनेमाच्या साधारण मध्यावर ही मंडळी बेल्जियमच्या खंदकात पोचतात. चिखल, जखमी, समोर जर्मनांच्या मशीनगन, आणि मध्ये ती ओसाड पट्टी, जिला इंग्रजीत 'नो मॅन्स लँड' म्हणतात. एक बाई मूल कडेवर घेऊन डायनाचा हात धरते आणि सांगते, पलीकडचं आमचं गाव गेलं हो. स्टीव्ह म्हणतो, आपण यासाठी आलेलो नाही, सगळ्यांना वाचवता येत नाही. डायना कोट उतरवते आणि शिडी चढते.

मी थिएटरमध्ये रडले. चांगली हुंदके देऊन. शेजारी माझी नात होती, अकरा वर्षांची. ती माझ्याकडे बघतेय हे कळूनही थांबता येईना.

का रडले? मारामारी बघून रडायचं वय आणि स्वभाव दोन्ही माझे नाहीत. याचं उत्तर मला आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंच्या १९८० मधल्या एका निबंधात सापडतं. त्यांनी प्रश्न साधा घेतला: मुली चेंडू 'मुलीसारखा' का फेकतात? फक्त मनगटातून, बाकीचं अंग जागच्या जागी ठेवून? त्यांचं म्हणणं, हा ताकदीचा प्रश्न एवढा नाही. मुलगी स्वतःचं शरीर 'मी करू शकते' असं जगते आणि त्याच वेळी 'मला कुणीतरी बघतंय' असंही जगते. त्यामुळे तिच्याभोवतीची जागा तिला मोकळी वाटत नाही, कुंपण घातल्यासारखी वाटते. मला हे वाचून आठवलं, शाळेत मी खो-खोमध्ये बरी होते. मग साडी आली आणि धावणं गेलं. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. 'आता मोठी झालीस' एवढंच.

त्या शिडीवर चढणाऱ्या बाईच्या अंगात ते कुंपण नाही. ती जागा अडवते. आणि आणखी एक बघा: मधली पट्टी ओलांडताना ती कोणाला मारत नाही. ती गोळ्या अंगावर घेते. ढाल धरून उभी राहते, सगळ्या मशीनगन तिच्याकडे वळतात, म्हणून मागच्या शिपायांना खंदकातून बाहेर पडता येतं. शौर्य म्हणजे दुसऱ्याला पुढे जायला जागा करून देणं, असं ते चित्र आहे. जेन्किन्स यांनी सांगितलंय की या प्रसंगाबद्दल त्यांच्या बरोबरच्या लोकांनाच शंका होती. समोर कोणी खलनायक नाही, मग ती लढणार कोणाशी, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी तो हट्टाने ठेवला. हे त्यांचे माझ्यावरचे उपकार.

बेटावरची दृश्यंही याच भावात येतात. तिथल्या अ‍ॅमेझॉन खऱ्याच दणकट आहेत. काही जणी प्रत्यक्षातल्या खेळाडू आहेत, अ‍ॅन वुल्फ ही व्यावसायिक मुष्टियोद्धी त्यांत आहे. कॅमेरा त्यांच्याकडे काम करणाऱ्या माणसांकडे बघावं तसा बघतो. जेम्स कॅमेरून त्या वर्षी म्हणाले की ही नायिका म्हणजे पुन्हा शोभेची वस्तूच आहे, एक पाऊल मागे आहे. मला ते पटलं नाही. देखणी असणं आणि फक्त बघण्यापुरती असणं यात फरक आहे, आणि तो फरक कॅमेरा कुठे ठेवता यावर ठरतो.

हा झाला पहिला भाव. यात मला एक पैसाही परत घ्यायचा नाही.

तक्रारी

आता दुसरा. तक्रारी दोन आहेत, एक लहान, एक मोठी.

लहान तक्रार बापाची. मार्स्टनच्या मूळ कथेत हिपॉलिटा मातीची मूर्ती घडवते आणि देवी तिच्यात प्राण घालते. डायनाला बाप नाही. आपल्याला हे काही नवीन वाटायला नको; पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा घडवला, त्याला आपण दरवर्षी मातीचाच घरी आणतो. सिनेमात लहान डायनाला हीच मातीची गोष्ट सांगतात. पण शेवटी एरीस उघड करतो की ती गोष्ट खोटी. ती झ्यूसची मुलगी, एरीसला मारण्यासाठी घडवलेलं शस्त्र. कॉमिक्सवाल्यांनीही २०११ मध्ये हा बदल केला होता, सिनेमाने तो उचलला. मला वाईट वाटलं. आईने आपल्या इच्छेने मातीतून घडवलेली मुलगी होती, तिला शेवटी बापाच्या योजनेतलं हत्यार केलं. तिच्या शक्तीचा दाखला पुन्हा वडिलांच्या नावावरच निघाला.

मोठी तक्रार वाईटपणाबद्दल आहे.

मूळ कॉमिकमधली वंडर वुमन दुसऱ्या महायुद्धात लढते. सिनेमाने तिला पहिल्या महायुद्धात नेलं, आणि माझ्या मते हा फार शहाणा निर्णय होता. दुसऱ्या महायुद्धात खलनायक कोण हे शेंबड्या पोरालाही सांगता येतं. पहिल्या महायुद्धात ते सांगताना इतिहासकार आजही वाद घालतात. करार, वसाहती, अहंकार, वेळापत्रकाने धावणाऱ्या सैन्याच्या गाड्या, आणि सगळ्यांची भीती. आपल्याकडे सातारा भागात, कोकणात कित्येक गावांतून दगडी पाट्या आहेत: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली. त्यांतली किती तरी मेसोपोटेमियात गेली. त्यांना कोणा युद्धदेवाने नेलं नाही. पगार होता, पलटणीची परंपरा होती, घरी खाणारी तोंडं होती.

सिनेमाला हे कळतं. डायनाबरोबरची तीन माणसं बघा. चार्ली, बंदुकीचा नेमबाज, पण रात्री किंचाळत उठतो आणि ऐन वेळी त्याला गोळी झाडता येत नाही. समीर, त्याला नट व्हायचं होतं, कातडीचा रंग आड आला. आणि चीफ, अमेरिकेतला मूळनिवासी. डायना त्याला विचारते, तुझ्या लोकांचं सगळं कोणी हिरावलं? तो स्टीव्हकडे बोट दाखवतो: त्याच्या लोकांनी. स्टीव्ह म्हणजे आपल्या बाजूचा, चांगला माणूस! दोन मिनिटांत सिनेमाने डायनाचं सोपं जग मोडून टाकलं.

पुढे तर तो अधिक धीट होतो. नो मॅन्स लँड ओलांडून तिने जे गाव सोडवलं, ते गाव दुसऱ्याच दिवशी विषारी वायूने मरतं. एकूण एक माणूस. मग डायना जर्मन सेनापती लुडेनडॉर्फला मारते, तोच एरीस असं समजून. (खरा लुडेनडॉर्फ १९३७ पर्यंत जगला आणि मधल्या काळात हिटलरच्या फसलेल्या उठावातही सामील झाला, पण सिनेमाला तेवढी सूट देऊ.) तो मरतो, आणि काहीच होत नाही. खाली शिपाई विषाचे डबे विमानात चढवतच राहतात. ती विचारते, हे थांबत का नाहीत? स्टीव्हचं उत्तर साधारण असं, की कदाचित दोष कोणा एकाचा नसेल, कदाचित आपणच सगळे असू, मीसुद्धा.

मी खुर्चीत सावरून बसले. हा कान्टचा प्रश्न आहे. १७९३ च्या धर्मावरच्या ग्रंथात कान्ट म्हणतो की वाईटाचं मूळ आपल्या इच्छांमध्ये नाही, बाहेरच्या सैतानातही नाही. कर्तव्य आणि स्वार्थ यांचा क्रम आपणच उलटा लावतो, ते आपलं निवडणं असतं. हाना आरेन्ट १९६३ मध्ये आइखमनबद्दल लिहिताना तेच वेगळ्या अंगाने सांगते: राक्षस शोधू नका, विचार करायचं थांबवलेला कारकून शोधा. एका सुपरहिरो सिनेमाने, जिथे खलनायक हाच धंद्याचा कणा असतो, तिथे खलनायक मारून दाखवला आणि म्हटलं, बघा, प्रश्न सुटला नाही. केवढी हिंमत!

आणि दोन मिनिटांनी एरीस आला. खराखुरा. आतापर्यंत सभ्य ब्रिटिश मुत्सद्दी म्हणून वावरणारा गृहस्थ तोच. मग चिलखत, विजा, रणगाडे उडतायत, पंधरा-वीस मिनिटं नुसता उजेड आणि आवाज.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं, की संवादांत सिनेमा सावध आहे. एरीस म्हणतो, मी फक्त कानात कुजबुजतो, युद्धं माणसंच सुरू करतात. आणि त्या गदारोळात एक सुंदर क्षणही आहे: विष बनवणारी डॉक्टर मारू डायनाच्या पुढ्यात पडलीय, डायनाने रणगाडा डोक्यावर उचललाय, एरीस म्हणतोय मार तिला, तिची तीच लायकी आहे. डायना रणगाडा बाजूला टाकते. माणसाच्या लायकीवर आपलं वागणं ठरवायचं नाही, हे तिला कळलंय. सिनेमा तिथे संपला असता तर आज मी इथे आले नसते.

पण एरीस मरतो, पहाट होते, जर्मन शिपाई तोंडावरचे मुखवटे काढतात आणि शत्रूला मिठ्या मारतात. म्हणजे शब्दांत एक सांगितलं, चित्रात दुसरं. आणि सिनेमात शब्द आणि चित्र यांचं भांडण झालं की चित्र जिंकतं. जेन्किन्स यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की त्यांचा मूळ शेवट लहान होता, स्टुडिओने ऐन वेळी बदलायला लावला. ते वाचून मला बरंही वाटलं आणि रागही आला.

मी काय उत्तर दिलं

आता जे सांगायला मी आले आहे ते.

घरी येताना रिक्षात नातीने विचारलं, "आजी, तो एरीस मेला म्हणून युद्ध थांबलं ना? मग दुसरं महायुद्ध कसं झालं?"

अकरा वर्षांच्या मुलीने माझा सगळा आक्षेप एका वाक्यात मांडला होता. पस्तीस वर्षं मी वर्गात असल्या प्रश्नाची वाट बघायचे. आणि मी काय म्हटलं? "अगं, सिनेमा आहे तो. तुला ती शिडीवर चढते ते आवडलं की नाही?"

मी प्रश्न झटकला. का? कारण मला तो सिनेमा वाचवायचा होता. तिच्यासाठी.

या भीतीचं कारण समजून घेऊ, कारण ती माझ्या एकटीची नव्हती. २०१४ मध्ये मार्व्हलच्या प्रमुखांनी सोनीच्या प्रमुखांना पाठवलेली एक ईमेल पुढे उघड झाली. त्यात स्त्री नायिका असलेल्या सुपरहिरो सिनेमांची यादी होती: 'इलेक्ट्रा', 'कॅटवुमन', 'सुपरगर्ल'. तिन्ही आपटलेले. सांगायचं काय होतं ते स्पष्ट आहे. आता २०११ चा 'ग्रीन लँटर्न'ही आपटला. त्यावरून कोणी म्हटलं का, की बघा, पुरुष नायक चालत नाहीत? पुरुषाचा वाईट सिनेमा हा एक वाईट सिनेमा असतो. बाईचा वाईट सिनेमा हा सगळ्या बायकांविरुद्धचा पुरावा होतो.

वर दरवेळी हा 'पहिलाच' सिनेमा असतो. माझ्या आईने लहानपणी 'हंटरवाली' पाहिला होता. १९३५ चा, आपल्या मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजे फिअरलेस नादिया, मुखवटा आणि चाबूक घेऊन गुंडांना लोळवायची. आई म्हातारपणीसुद्धा त्यातल्या मारामाऱ्या हातवारे करून सांगायची. आणि ब्याऐंशी वर्षांनी नातीला घेऊन मी असा सिनेमा बघायला गेले, की जणू बाईला लढताना जगात प्रथमच दाखवतायत. मधल्या सगळ्या जणी विसरल्या जातात, म्हणून प्रत्येकीला पहिलीचं ओझं उचलावं लागतं. पहिलीला चुकण्याची मुभा नसते.

म्हणून आम्ही चाहत्या गप्प बसलो. सिनेमाने जगभरात ब्याऐंशी कोटी डॉलरच्या आसपास कमावले, आम्ही सुस्कारा सोडला. कोणी विचारलं की 'अप्रतिम!' म्हणायचं. मैत्रिणींच्या गटात मी तसंच म्हटलं. आक्षेप सांगितले तर ते ऐकणारा म्हणेल, बघा, बायकांनाही आवडला नाही. आपलं खरं मत शत्रूच्या हातात पडू नये म्हणून ते गिळायचं. हे राजकारण म्हणून समजण्यासारखं आहे. पण मला विचाराल तर, सत्याचा पाश हातात घेतलेल्या बाईच्या चाहतीला हे शोभत नाही.

आणि नुकसान कोणाचं होतं? स्टुडिओचं नाही. गेल्या वर्षी नात कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती. मी तिला म्हटलं, तुला आठवतं का, रिक्षात तू मला एक प्रश्न विचारला होतास? तिला आठवत नव्हता. शिडी आठवत होती, ढाल आठवत होती, मी रडले ते तर पक्कं आठवत होतं. प्रश्न मात्र गेला होता. माझ्या उत्तराने सिनेमा वाचला, प्रश्न गेला. शिक्षिका म्हणून मला हे अजून बोचतं.

मग आम्ही दोघींनी तो पुन्हा पाहिला, मध्ये मध्ये थांबवून. मी माझे सगळे आक्षेप सांगितले. ती ऐकून म्हणाली, "पण आजी, ते शिपाई एरीस मेला म्हणूनच मिठ्या मारतायत हे कशावरून? ते जिवंत राहिले म्हणून मारत असतील. तहाची बोलणी चाललीच होती ना?" ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्धविराम झाला, ही गोष्ट खरी. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. चित्राची मांडणी तसं सांगत नाही. आमचा वाद अजून मिटलेला नाही. पण तो वाद आठ वर्षांपूर्वी रिक्षात सुरू व्हायला हवा होता.

तेव्हा संमिश्र भावनांचं काय करायचं, याचं माझं उत्तर असं आहे. त्यांची बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढायचा नाही. शिडीवरचं पाऊल आणि तो विजांचा शेवट यांची सरासरी 'ठीक आहे' अशी निघते, आणि 'ठीक आहे' हे माझ्या दोन्ही अनुभवांबद्दल खोटं आहे. प्रत्येक भावाचं कारण शोधायचं, दोन्ही कारणं मोठ्याने सांगायची, आणि मुलांसमोर तर नक्कीच सांगायची. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याला आपल्या परीक्षेतून सूट देणं म्हणजे त्याला दुबळं समजणं आहे. ही बाई मशीनगनसमोर उभी राहिली. माझ्या दोन आक्षेपांनी ती काही पडणार नाही.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आपल्याकडे दुर्गा आहे, महिषासुरमर्दिनी आहे. मग या परक्या बाईची गरज काय?

उत्तर: तुलना योग्य आहे. देवांनी आपापलं तेज एकत्र करून दुर्गा निर्माण केली, आणि सिनेमातली डायनाही देवाने घडवलेलं शस्त्रच ठरते. पण देवी चुकत नाही. डायना चुकते, चुकीच्या माणसाला मारते आणि मग खजील होते, शिकते. आणि दुसरं, देवीला मी नमस्कार करते. देवीबद्दल संमिश्र भावना बाळगायची सोय आपल्याकडे फारशी नाही. सिनेमातल्या नायिकेशी भांडता येतं. मुलींना दोन्ही हवं.

प्रश्न: २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाबद्दल काय वाटतं?

उत्तर: 'वंडर वुमन १९८४'. त्यात मेलेला स्टीव्ह एका परक्या माणसाच्या शरीरात परत येतो, आणि त्या बिचाऱ्या माणसाला काही विचारायला हवं होतं हे सत्यवादी डायनाला सुचतसुद्धा नाही. मला तो सिनेमा आवडला नाही. (थांबून) बघा, हे वाक्य मी सरळ बोलून गेले, आजूबाजूला न बघता. २०१७ मध्ये मला हे जमलं नसतं.